स्क्रीनसमोर थकणारे डोळे : तक्रार ओळखण्यापासून उपायापर्यंत

दिवसभर संगणकावर किंवा मोबाइलवर काम करणारा माणूस संध्याकाळी ‘डोळे दुखतात’ असे म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. डोळ्यांचा पृष्ठभाग कोरडा पडलेला असतो, सतत जवळ पाहून आतले स्नायू शिणलेले असतात, चष्म्याचा नंबर चुकलेला असतो किंवा खोलीतल्या उजेडाची मांडणी बिघडलेली असते. पुष्कळदा यांतली दोन-तीन कारणे एकत्र नांदतात. प्रत्येकाचा उपाय मात्र वेगळा असतो, आणि बहुतेक लोक कारण न ओळखताच निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतात किंवा कुणीतरी सुचवलेले थेंब घालू लागतात. म्हणून या लेखात आधी तक्रारीची ओळख आणि मग उपाय असा क्रम ठेवला आहे.

सुरुवातीलाच एक भीती दूर करायला हवी. स्क्रीनच्या प्रकाशाने प्रौढ माणसाचे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा, खराब होते, याला पुरावा नाही. दिवसा मोकळ्या आकाशाखाली डोळ्यांत जाणारा प्रकाश कोणत्याही मॉनिटरच्या प्रकाशापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. स्क्रीनमुळे होणारा त्रास खरा असतो, पण कारण दूर केले की तो बहुधा ओसरतो. लहान मुलांच्या बाबतीत काळजीचे एक वेगळे कारण आहे, त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

पहिली पायरी : तक्रारीची नेमकी ओळख

चार-पाच दिवस त्रास केव्हा होतो, कुठे होतो आणि कशाने थांबतो, याची छोटी नोंद ठेवावी. डोळे चुरचुरणे, जळजळणे, वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे ही कोरडेपणाची लक्षणे होत. डोळ्यांतून सारखे पाणी येणे हेही अनेकदा कोरडेपणाचेच लक्षण असते, कारण पृष्ठभाग चुरचुरला की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते आणि ते डोळ्यावर न टिकता गालावरून ओघळून जाते. अक्षरे अंधूक दिसून पापणी लवताच पुन्हा स्पष्ट होत असतील, तर दोष अश्रूंच्या थराचा आहे. याउलट, तासभर काम करून मान वर केल्यावर दूरची भिंत किंवा खिडकीबाहेरचे झाड काही क्षण धूसर दिसत असेल, तर जवळ पाहणारा स्नायू आखडलेला आहे. कपाळावर, भुवयांच्या वर संध्याकाळी चढणारी आणि सुटीच्या दिवशी न येणारी डोकेदुखी चष्म्याकडे बोट दाखवते. वाचताना ओळ सुटत असेल, अक्षरे सरकत किंवा दुहेरी दिसत असतील, तर दोन्ही डोळे आत वळवण्याच्या क्रियेत उणीव असू शकते.

घरच्या घरी तीन साध्या चाचण्या करता येतात. दोन-तीन वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात आणि मग डोळे न मिचकावता समोर पाहत राहावे. दहा सेकंदांच्या आत डोळे चुरचुरू लागले, तर कोरडेपणाचा संशय घ्यायला जागा आहे. दुसऱ्या चाचणीत, नेहमीच्या अंतरावरून स्क्रीनवरचा तोच मजकूर एकदा डावा डोळा झाकून आणि एकदा उजवा झाकून वाचावा. दोन्हींत ठळक फरक जाणवला, तर नंबर तपासण्याची वेळ झाली आहे. तिसऱ्या चाचणीसाठी पेनाचे टोक हातभर अंतरावर धरून हळूहळू नाकाच्या शेंड्याकडे आणावे. सुमारे दहा सेंटीमीटरपेक्षा दूर असतानाच टोक दोन दिसू लागले, तर ही गोष्ट नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावी. या चाचण्यांनी निदान होत नाही, पण कोणत्या उपायापासून सुरुवात करायची ते ठरवता येते.

दुसरी पायरी : पापणीकडे लक्ष

सर्वांत जास्त लोकांना छळणारे कारण कोरडेपणा हे आहे, आणि त्याच्या मुळाशी पापणी लवण्याची बिघडलेली सवय असते. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. स्क्रीनवर मन गुंतले की ही संख्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यातही गोम अशी की, लवणाऱ्या पापण्यांपैकी बऱ्याच अर्धवटच मिटतात. वरची पापणी खाली येते, पण खालच्या पापणीला टेकत नाही, आणि बुबुळाचा खालचा पट्टा तसाच उघडा राहतो.

डोळ्यावरचा अश्रूंचा थर म्हणजे नुसते पाणी नसते. डोळ्याला लागून श्लेष्मल, म्हणजे बुळबुळीत, अंश असतो, त्यावर पाणी असते आणि सर्वांत वर तेलाचा अगदी पातळ थर असतो, जो पाण्याचे बाष्पीभवन रोखतो. हे तेल पापण्यांच्या कडेला रांगेने असलेल्या सूक्ष्म ग्रंथींमधून येते आणि पापणी पूर्ण मिटली की त्या दाबाने बाहेर पडते. पापण्या महिनोन् महिने अर्धवटच मिटत राहिल्या, तर तेल ग्रंथीतच साचून घट्ट होते आणि पाणी लवकर उडून जाऊ लागते. म्हणूनच ‘भरपूर पाणी प्या’ या सल्ल्याचा अशा डोळ्यांना फारसा उपयोग होत नाही, कारण इथे बहुधा तेल कमी पडत असते.

पापण्यांचा सराव असा करावा : डोळे हलकेच मिटावेत, दोन सेकंद मिटलेले ठेवावेत, मग वरची पापणी खालच्या पापणीला किंचित दाबावी आणि डोळे उघडावेत. असे सलग आठ-दहा वेळा करावे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ बोटाचे टोक टेकवून ठेवले, तर जोर किती लागतो आहे ते कळते. बोटाखाली कातडी आवळली गेली, तर आपण डोळे घट्ट आवळतो आहोत, आणि तेवढ्या जोराची गरज नाही. हा सराव घड्याळ लावून करणाऱ्यांचा उत्साह आठवडाभरात मावळतो. त्याऐवजी तो कामातल्या एखाद्या ठरावीक क्षणाशी बांधावा, म्हणजे पत्र पाठवल्यावर, फाइल उघडत असताना किंवा फोन ठेवल्यावर. असे केले की तो अंगवळणी पडतो.

याच्या जोडीला हवेचा झोत तपासावा. पंखा, वातानुकूलन यंत्र किंवा गाडीतली झडप यांची हवा थेट चेहऱ्यावर येत असेल, तर बाकीचे सगळे उपाय तोकडे पडतात. बसण्याची जागा बदलता येत नसेल, तर झोताची दिशा तरी बदलावी. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली असावी, कारण नजर खाली झुकली की पापण्यांमधली फट अरुंद होते आणि डोळ्याचा कमी भाग उघडा पडतो. इथे मानेसाठीचा आणि डोळ्यांसाठीचा सल्ला एकमेकांना छेद देतात. मान वाचवण्यासाठी लॅपटॉप उंच ठोकळ्यावर चढवणारे बरेच जण तो गरजेपेक्षा वर नेतात आणि दिवसभर डोळे विस्फारून बसतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली आणि मध्यभाग त्या रेषेपासून सुमारे १५ ते २० अंश खाली ठेवला, तर मान आणि डोळे दोन्ही सांभाळले जातात.

कोरडेपणा जुना असेल, तर रोज एकदा कोमट शेक घ्यावा. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. कापड एक-दोन मिनिटांतच गार होते, म्हणून ते पुन्हापुन्हा बुडवावे लागते, आणि शेकाचा गुण न येण्याचे कारण बहुधा हा कंटाळाच असतो. शेकानंतर मिटलेल्या डोळ्यांवर बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, अगदी हलक्या हाताने पुसत न्यावी, म्हणजे मऊ झालेले तेल बाहेर येते.

थेंबांबाबत तारतम्य लागते. कोरडेपणासाठी डोळ्यांना ओलावा देणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब योग्य ठरतात. ते दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर त्यांत परिरक्षक द्रव्य (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्यावेत, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी परिरक्षके वारंवार लागल्यास डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देऊ शकतात. लाली घालवणाऱ्या थेंबांपासून मात्र दूर राहावे. ते रक्तवाहिन्या आकुंचित करून डोळा पांढरा दाखवतात, पण त्यांचा परिणाम ओसरला की लाली परत येते आणि थेंबांची सवय लागते. स्टेरॉइड असलेले थेंब डॉक्टरांना न विचारता वापरणे धोक्याचे आहे, कारण त्यांनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. सर्दीवरची आणि ॲलर्जीवरची काही औषधे, काही नैराश्यरोधक गोळ्या आणि मुरमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे कोरडे पडतात. त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर आधी हे आठवून पाहावे. ओमेगा-३ च्या गोळ्यांचा मोठा बोलबाला आहे, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला नाही.

तिसरी पायरी : अंतर आणि अक्षर

जवळचे पाहताना डोळ्यातला एक स्नायू आकुंचन पावून नेत्रभिंग फुगवतो आणि त्याच वेळी दोन्ही डोळे आत वळतात. भिंगाला किती जोर लावावा लागतो, ते डायॉप्टरमध्ये मोजतात, आणि हिशेब सोपा आहे : एकला मीटरमधल्या अंतराने भागायचे. स्क्रीन ६० सेंटीमीटरवर असेल, तर सुमारे १.७ डायॉप्टर जोर लागतो, ४० सेंटीमीटरवर २.५ लागतो, आणि अंथरुणात पडून मोबाइल २० सेंटीमीटरवर धरला, तर तोच जोर ५ डायॉप्टरवर जातो. भरलेली बादली उचलून नेणे कुणालाही जमते, पण ती हातात धरून तासभर उभे राहणे जमत नाही. या स्नायूचीही अडचण तीच आहे.

त्यामुळे मॉनिटर ५० ते ७० सेंटीमीटरवर, म्हणजे साधारणपणे हात पुढे केला असता बोटांची टोके स्क्रीनला लागतील इतक्या अंतरावर ठेवावा. मोबाइल निदान ४० सेंटीमीटरवर धरावा. पण नुसते ‘लांब धरा’ म्हणून कुणी लांब धरत नाही, कारण अक्षर बारीक असले की डोके आपोआप पुढे जाते. म्हणून आधी अक्षर मोठे करावे. योग्य अंतरावर बसून जेमतेम वाचता येईल इतके अक्षर लहान करून पाहावे आणि मग त्याच्या अडीच-तीन पट आकार कायमचा ठेवावा. सुरुवातीला हा आकार वृद्धांसाठी असावा तसा वाटतो आणि थोडा संकोचही होतो, पण चार दिवसांत तोच सोयीचा वाटू लागतो.

चौथी पायरी : चष्म्याचा प्रश्न

नजर चांगली आहे म्हणून चष्मा लागत नाही, असे समजणाऱ्या तरुणांत थोडासा प्लस नंबर किंवा सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा) लपलेला असू शकतो. लांबचा तक्ता ते सहज वाचतात, कारण स्नायूवर ताण देऊन डोळा ती उणीव भरून काढतो. मात्र आठ तासांच्या कामात तो ताण डोकेदुखीच्या रूपाने बाहेर पडतो. अशा वेळी डोळ्यांत हा स्नायू सैल करणारे थेंब घालून नंबर तपासावा लागू शकतो, म्हणून तपासणीच्या वेळी आपले काम संगणकावरचे आहे, हे सांगायला विसरू नये.

चाळिशी लागली की नेत्रभिंगाची लवचीकता कमी होते आणि अडचण वेगळीच होते. वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेल्या बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याने संगणकावर काम करणारा माणूस बाजूने पाहावा. तो हनुवटी वर करून, मान मागे टाकून, काचेच्या खालच्या भागातून स्क्रीन पाहत असतो. संध्याकाळी त्याची मान आणि खांदे भरून येतात आणि तो गादीला किंवा खुर्चीला दोष देतो. यावर स्क्रीन आणखी खाली आणणे हा एक उपाय आहे. फक्त संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेणे हा दुसरा आणि जास्त काम असणाऱ्यांसाठी चांगला उपाय आहे. त्यासाठी आपल्या टेबलावर डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर टेपने मोजून तो आकडा तपासणीला जाताना सोबत न्यावा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही. २०२३ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो, असे अल्पकाळात तरी आढळले नाही. परावर्तन कमी करणारा लेप मात्र दिव्यांखाली बसणाऱ्यांच्या उपयोगी पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना कोरडेपणा अधिक जाणवतो, तेव्हा लांबलचक कामाच्या दिवशी त्यांनी निम्मा वेळ तरी चष्मा लावावा.

पाचवी पायरी : उजेडाची मांडणी

स्क्रीनवर पांढरे पान उघडावे आणि तिच्या शेजारी पांढरा कोरा कागद धरावा. स्क्रीन दिव्यासारखी झगझगत असेल, तर तिचा उजेड कमी करावा, आणि कागदापुढे ती मळकट, करडी दिसत असेल, तर वाढवावा. दोन्ही साधारण सारखे दिसले की मांडणी जमली. खोलीतला उजेड दिवसभर बदलतो, म्हणून ही तुलना सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळी करावी लागते.

खिडकी स्क्रीनच्या मागेही नसावी आणि आपल्या पाठीशीही नसावी, ती बाजूला असावी. अंधाऱ्या खोलीत फक्त स्क्रीन पेटती ठेवण्याऐवजी एखादा मंद दिवा लावून ठेवावा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सर्वांनाच मानवतात असे नाही. बाहुली मोठी झाल्याने सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांना अशी अक्षरे फुटल्यासारखी दिसतात, आणि उजेडात वाचायला पांढऱ्यावरची काळी अक्षरेच सहसा सोपी पडतात. काही ओएलईडी (ज्यांतला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असे) पडदे उजेड कमी केल्यावर डोळ्यांना न कळेल अशा वेगाने चालू-बंद होत राहतात, आणि काहींना त्याने डोके दुखते. अशांनी पडद्याचा उजेड अगदी किमान न ठेवता मध्यम ठेवून पाहावा.

सहावी पायरी : विश्रांती आणि रात्र

दर २० मिनिटांनी २० फुटांवर, म्हणजे सुमारे सहा मीटरवर, २० सेकंद पाहावे, हा नियम सर्वपरिचित आहे. त्यातले आकडे लक्षात राहावेत म्हणून निवडलेले आहेत, तेव्हा २० ऐवजी २५ मिनिटे झाली म्हणून काही बिघडत नाही. विश्रांती मात्र खरी हवी. संगणकावरून नजर काढून मोबाइलमध्ये घालणे ही विश्रांती नसून स्नायूला अधिक जवळचे काम देणे आहे. दर तासाला एकदा उठून चार पावले चालले, तर डोळे आपोआप दूर पाहतात आणि पाठही मोकळी होते.

निळ्या प्रकाशाचा झोपेशी मात्र संबंध आहे. दृष्टिपटलातल्या काही विशिष्ट पेशी सुमारे ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूला अजून दिवस असल्याचा निरोप पाठवतात, त्यामुळे मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे संप्रेरक उशिरा स्रवते. झोपण्यापूर्वी तासभर स्क्रीन बंद करणे हा खरा उपाय आहे. स्क्रीनला पिवळसर छटा देणारी सोय लावून तिच्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालत बसले, तर झोप उडवायला तो मजकूरच पुरेसा असतो.

मुलांच्या बाबतीत

मुलांचा डोळा अजून वाढत असतो आणि काळजी त्या वाढीचीच आहे. नेत्रगोल गरजेपेक्षा लांबट झाला की लांबचे धूसर दिसू लागते आणि मायनस नंबर लागतो, आणि अशी वाढलेली लांबी पुन्हा कमी होत नाही. फार जवळून आणि सलग पाहणे, तसेच दिवसाउजेडी घराबाहेर न पडणे, या दोन्ही गोष्टींचा त्याच्याशी संबंध आढळला आहे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन वर्षांनंतर त्या गटातल्या ३०.४ टक्के मुलांना आणि नेहमीचा दिनक्रम असलेल्या गटातल्या ३९.५ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता.

म्हणून पालकांनी फक्त मोबाइल हिसकावून घेऊन चालणार नाही. तो वाचलेला वेळ घराबाहेर जायला हवा. रोज सुमारे दोन तास बाहेर राहणे हे उद्दिष्ट ठेवावे, आणि त्यासाठी मुलाला तळपत्या उन्हात उभे करण्याची गरज नाही, कारण झाडाच्या सावलीतही घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना बसून स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा पाळावी. त्यापुढच्या वयात अभ्यासासाठी मोबाइलपेक्षा मोठी स्क्रीन बरी, कारण मूल तिच्यापासून आपसूक लांब बसते. नंबर लागलाच, तर तो भरभर वाढू नये यासाठी खास भिंगांचे चष्मे आणि कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब असे उपचार आहेत, पण ते नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावेत. आई-वडिलांपैकी कुणाला मोठा मायनस नंबर असेल, तर मुलाची तपासणी शाळेत जाण्यापूर्वीच करून घ्यावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वरचे उपाय तीन-चार आठवडे नेटाने करूनही फरक पडला नाही, तर तपासणी करून घ्यावी. काही लक्षणे मात्र स्क्रीनच्या थकव्याची नसतात आणि त्यांत वाट पाहणे घातक ठरते. डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे किंवा नजरेच्या एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल निसटत असल्याची खूण असू शकते. डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसणे आणि मळमळणे हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. अचानक दुहेरी दिसणे किंवा एका डोळ्याची नजर एकाएकी जाणे, यांतही त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नेहमीच्या तपासणीला जाताना त्रासाची नोंद, स्क्रीनचे मोजलेले अंतर, सध्याचा चष्मा, चालू असलेल्या औषधांची आणि थेंबांची यादी सोबत न्यावी. ‘डोळे दुखतात’ एवढेच न सांगता कुठे, केव्हा आणि किती वेळ ते सांगावे. लांबची नजर तपासून झाल्यावर स्क्रीनच्या अंतरावरची नजर, पापण्यांच्या तेलग्रंथी आणि दोन्ही डोळ्यांचा समन्वयही तपासायला सांगावे, कारण रुग्णाने विषय काढला नाही तर घाईच्या तपासणीत या तीन गोष्टी राहून जाऊ शकतात.